चमच्यातली तार

“काका, तुमचा टिश्यू फार शांत आहे हो,” कीर्ती मॅडम फोनवर म्हणाली, आणि शेषराव कापगते ओट्यावर ठेवायला घेतलेला चहाचा कप तसाच हातात धरून उभे राहिले. सकाळचे दहा वाजले होते. मॅडमचा आवाज खुशीतला होता, वर्गात पहिल्या आलेल्या पोराबद्दल बाई बोलतात तसा. बारा पेशंटांचे नमुने तिच्याकडे होते, त्यांत सगळ्यात देखणा शेषरावांचाच वाढला होता म्हणे. बाकीचे चिडतात, फुगतात, झिजून जातात. हा आपला नीट मांडी घालून बसलाय. “उद्या अकराला या, स्क्रीनवर दाखवते. गुरुवारी सर औषध ठरवणार आहेत. आणि या आठवड्यात दिवसातून किती वेळा जावं लागलं?” हा प्रश्न ती दर मंगळवारी विचारायची आणि शेषराव दर मंगळवारी एकच उत्तर द्यायचे. “दोन-तीनदा,” ते म्हणाले. “रक्त?” “नाही जी. कुठचं रक्त.” “छान. म्हणजे जुळतंय सगळं,” म्हणत मॅडमने फोन ठेवला. शेषरावांनी चहा न पिताच मोरीत ओतला आणि ते संडासात गेले. सकाळपासूनची ती पाचवी वेळ होती, आणि रक्त होतं.

शांत. भिंतीला पाठ टेकून ते बसून राहिले आणि तो शब्द त्यांच्या डोक्यातून काही केल्या हलेना. दोन महिन्यांपूर्वी दुर्बीण घालून त्यांच्या मोठ्या आतड्यातून तांदळाच्या दाण्याएवढे आठ तुकडे काढून नेले होते, आणि दंडातून चार नळ्या रक्त. त्यातल्या पेशी वाढवून, कसल्याशा जेलीत कालवून, मशीनने थरावर थर छापून त्या पोरीने शेषरावांच्या आतड्याच्या छत्तीस चकत्या बनवल्या होत्या. एकेका चकतीवर एकेक औषध घालून बघायचं, तिथे जे लागू पडेल तेच शेषरावांना द्यायचं, असा तो बेत. चार वर्षं अंदाजाने औषधं देऊन डॉक्टर थकले होते. या रोगाचं तसंच असतं. शरीराची स्वतःची फौज आपल्याच आतड्यावर उठते, आणि कोणाची फौज कोणत्या दारूगोळ्याला भिते ते कोणी सांगू शकत नाही. सर्जनने तर हात झटकून सांगितलं होतं, “दादाजी, ये आखिरी मौका है. इसमें भी दवा नहीं मिली तो बडी आंत निकालनी पडेगी. फिर पेट पे थैली.” थैलीची शेषरावांना भीती वाटली नाही असं कसं म्हणावं? त्यांना पोटावर लावलेली ती मळाची पिशवी दिसली, आणि ती धुवायला घरात कोणी नाही हेही दिसलं. म्हणून तर या प्रयोगात त्यांनी नाव घातलं होतं. आणि आता त्यांचा नमुना शांत निघाला होता. तो का शांत निघाला हे साऱ्या जगात एकट्या शेषरावांना ठाऊक होतं, कारण ते त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं.

छत्तीस वर्षं शेषरावांनी नमुनेच काढले. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, स्टील मेल्टिंग शॉपमध्ये भट्टीच्या दारासमोर उभं राहायचं, निळ्या काचेतून आत बघायचं, माणसाच्या उंचीपेक्षा लांब दांड्याचा लोखंडी चमचा आधी वर तरंगणाऱ्या मळीत, स्लॅगमध्ये फिरवून घ्यायचा, मग आत खोल बुडवून धातू भरून बाहेर काढायचा. बाहेर आलेला तो चमचाभर धातू उकळत असे, बुडबुडे काढत असे, ठिणग्या उडवत असे. तसाच साच्यात ओतला तर निवताना आतून पोकळ होणार, भोकं पडणार, आणि लॅबवाले रिजेक्ट म्हणून परत पाठवणार. की इकडे भट्टी तिष्ठत आणि फोरमन कपाळावर आठ्या घालून. म्हणून चमच्यात ॲल्युमिनियमच्या तारेचा बोटभर तुकडा टाकायचा. टाकला की त्या चमच्यातलं उकळणं थांबायचं. बघता बघता धातू असा निवायचा की त्यात आपलं तोंड दिसावं. शेषरावांना तो क्षण फार आवडायचा. भोवती एवढा गोंगाट, आग, शिट्ट्या, आणि हातातल्या चमच्यात ती एवढीशी शांतता. भंडाऱ्याकडचं खेडं सोडून आलेल्या वीस वर्षांच्या पोराला ही विद्या चंपत मिस्त्रीने शिकवली. मिस्त्री आधी कान पिळायचा आणि मग शिकवायचा. त्याने तारेची गुंडाळी शेषरावांच्या खिशात कोंबली होती आणि म्हटलं होतं, “तार चमच्याले टाकाची, पोट्ट्या. भट्टीले नाही. चमचा थंडा झाला म्हणून भट्टी थंडी झाली असं समजशीन तं मरशीन.” शेषराव मेले नाहीत. त्यांचा नमुना छत्तीस वर्षांत कधी परतही आला नाही. रिटायर झाले त्या दिवशी भाषणात फोरमनने तेवढं एकच सांगितलं आणि तेवढं एकच खरं होतं.

तर आतड्याचा नमुना द्यायची तारीख मिळाली तेव्हा या माणसाने काय करावं? कीर्ती मॅडमने छापील कागद दिला होता. चार आठवडे सुजेच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, असं त्यावर हिंदीत ठळक अक्षरांत होतं, आणि खाली शेषरावांची सही होती. सही करताना त्यांना वाटलं होतं, बरोबर आहे. पण जसजशी तारीख जवळ आली तसतसे ते बेचैन झाले. दिवसाला नऊ-नऊ वेळा जाणं, पोटात पीळ, रक्त. असला नमुना घेऊन लोकांसमोर जायचं? तो पास कसा होणार? बारा जणांनाच घेणार होते. खराब म्हणून परत केला तर? प्लांटमध्ये कोणी बडा माणूस येणार असला की आठ दिवस आधी रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना लागायचा, रेलिंगला पिवळा रंग चढायचा, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पाहुणा येतोय म्हणजे घर सारवायचं, एवढंच. शेषरावांनी पत्र्याच्या डब्यातून डॉक्टरची मागच्या वर्षीची चिठ्ठी काढली, घराजवळच्या, कोहक्यातल्याच एका दुकानातून सुजेच्या त्याच बारीक पांढऱ्या गोळ्या आणल्या, आणि अठरा दिवस घेतल्या. पाचव्या दिवसापासून पोट निवलं. दुर्बीण घातली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “आज तो काफी अच्छा दिख रहा है,” आणि टेबलावर कुशीवर झोपलेल्या शेषरावांची छाती अभिमानाने भरून आली. गोळी घेतली का, असं मॅडमने विचारलं तेव्हा ते “नाही” म्हणाले. ते खोटं बोलताहेत असं त्यांना त्या वेळी खरोखरच वाटलं नाही. त्यांनी फक्त चमच्यात तार टाकली होती.

गोळ्या बंद केल्या आणि आठवड्यात भट्टी पुन्हा पेटली, आधीपेक्षा जोरात. पण आता काय बोलणार? आतड्याचा नमुना शांत, तर माणसानेही शांत असायला हवं. म्हणून दोन-तीनदा. म्हणून कुठचं रक्त. छापलेली चकती एक सांगत होती, शेषराव तेच सांगत होते, आणि मॅडमच्या वहीत सगळं कसं जुळत होतं. न जुळणारं फक्त या दोन खोल्यांत होतं, आणि इथे कोणी येत नव्हतं. शेजारची तारा कधी भिंतीवरून वाटीभर कढी द्यायची आणि विचारायची, “काकाजी, बरे हाव ना?” “एकदम फर्स्ट क्लास,” शेषराव म्हणायचे. वाटी घासून परत करायचे, तीही भिंतीवरूनच.

भागीरथा हैदराबादला जाऊन दीड वर्ष झालं होतं. लेक उन्नती आणि जावई राहुल दोघं नोकरीवर, पोरगं लहान. आजी नको का? सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेली बायको अकराव्या मजल्यावर अडकली ती अडकलीच. “तुमी बी चला ना जी,” ती निघताना म्हणाली होती, आणि नंतरही फोनवर चार-सहादा म्हणाली. शेषराव म्हणाले, घर कोणावर सोडू, कोहक्यात चोऱ्या होऊन राहिल्या. चोऱ्या होत असतील-नसतील, त्यांना खरी भीती रेल्वेच्या डब्यातल्या त्या दोन दारांची होती, ज्यांच्या वर लाल दिवा लागलेला असतो आणि आतला माणूस बाहेर येत नाही. आणि जावयाच्या घरात एकाच्या मागे एक दिवसातून नऊ वेळा उठायचं! त्यापेक्षा चोर बरे. भागीरथाला ‘पोट जरा बिघडते कधी कधी’ एवढंच माहीत होतं. प्रयोगाचं तर तिला काही ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांना दुखणं न सांगणं हेच दोघांनी प्रेम म्हणून केलं होतं. उन्नतीच्या वेळी ही बाई कळा सुरू झाल्यावरही भाकऱ्या थापत राहिली आणि शिफ्टवर निघालेल्या नवऱ्याला “ठीक हाय, जा तुमी” म्हणाली. पोरगी झाल्याचं शेषरावांना भट्टीवर कळलं. तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. शेषरावांनीही केलं. आज संडासाच्या भिंतीला टेकून बसल्यावर ते आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. कशाची लाज, ते मात्र नीट कळेना.

संध्याकाळी साडेसातला फोन आला. नातू मोनू जेवून कार्टून बघायला बसला की भागीरथा फोन करी. “जेवले का जी?” “हो. तू?” “जेवतो आता. भाजी काय केली?” “दोडके.” “पोट?” “ठीक हाय. तिकडे?” “इकडे बी सगळं ठीक हाय. मोनूले दात येऊन राहिला मागचा.” “बरं.” “ठेवू मंग?” “ठेव.” एक मिनिट चाळीस सेकंद. फोनच्या पाटीवर आकडा दिसत असे आणि तो रोज जवळजवळ सारखाच असे. शेषरावांनी दोडके केले नव्हते. दही-पोह्यांवर तिसरा दिवस चालला होता. हीच भागीरथा कोहक्यात असताना भिंतीपाशी ताराशी तास-तास बोलायची, इतकी की शेषराव खेकसायचे, दुधाचं पातेलं करपून राहिलं म्हणून. दीड वर्षात तिचं बोलणं एक मिनिट चाळीस सेकंदांवर आलं, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. आपलंच पोट सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काही खाल्लं नाही. बाहेर जायचं असलं की खायचं नाही, हा चार वर्षांचा नेम. स्कूटर काढली. माणसं रस्ते देवळांवरून ओळखतात, कोणी दारूच्या दुकानांवरून. शेषरावांचा भिलाईचा नकाशा संडासांचा होता. सुपेल्यात सशुल्क, पण स्वच्छ. वैशाली नगरच्या पेट्रोल पंपावर चावी मागावी लागते आणि पोरगा दोन वेळा ‘क्या?’ विचारतो. त्याच्या पुढे काही नाही. अहिवाऱ्याच्या रस्त्याला शहर संपतं तिथे मॅडमची लॅब असलेली ती संस्था होती, आणि शेवटचे चार किलोमीटर चुनखडीच्या ट्रकांमागून, पांढऱ्या धुळीतून, दात आवळून जायचं. त्या दिवशी ते पोचले. फाटकावर रजिस्टरमध्ये त्यांनी घाईघाईने नाव खरडलं. पहिल्यांदा ते आत डावीकडे वळले, मग लॅबकडे गेले.

कीर्ती मॅडम दुर्गच्या जुन्या मराठी घरातली, तिशीच्या आतली, चष्म्याची काडी चावायची सवय असलेली पोरगी. तिचं मराठी पुस्तकातलं असायचं आणि मध्येच धाडकन हिंदीत शिरायचं. तिने त्यांना काचेबाहेर स्टुलावर बसवलं आणि आधी ते मशीन दाखवलं. शेषरावांना वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. निघाली एक काचेची पेटी, आत सुई, आणि सुई गुलाबी थेंबांच्या रेघा ओढते आहे, जिलेबी पाडणाऱ्याच्या हातासारखी, पण फार सावकाश. “ही दुसऱ्या पेशंटची चालू आहे. तुमची इथे,” म्हणत तिने कपाटाकडे बोट केलं. कपाटावर सदतीस डिग्री असा आकडा होता. “आत अंगासारखी ऊब असते. एक दिवसाआड त्यांचं पाणी बदलावं लागतं, नाहीतर मरतात. रविवारी पण कोणीतरी येतंच.” रविवारी पण? शेषरावांनी विचारलं. “हो ना. आम्ही पाळी लावलीय. दिवाळीत मी आले होते.” शेषराव त्या कपाटाकडे बघत राहिले. दिवाळीत ते स्वतः घरात एकटे होते. ताराने दिलेल्या करंज्या पोटाला चालणार नाहीत म्हणून गाईला घातल्या होत्या. आणि त्याच दिवशी त्यांच्या आतड्याच्या छत्तीस चकत्यांचं पाणी बदलायला ही पोरगी दुर्गहून इथवर आली होती. त्यांना हेवा वाटला. आपल्याच आतड्याचा हेवा वाटणं किती खुळ्यासारखं, हेही कळलं, आणि तरी वाटला.

मग तिने स्क्रीन लावला. काळपट पडद्यावर फिक्या रंगाच्या घड्या दिसल्या, नांगरलेल्या शेतासारख्या, एकसारख्या ओळीत. इतकं नीटनेटकं आपल्या आत काही असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. “हे तुम्ही,” मॅडम म्हणाली. “आता बघा हं, यावर मी सूज आणणारं द्रव्य घातलंय. बाकीच्यांच्या चकत्या सहा तासांत फाटायला लागतात. तुमची बघा. दोन दिवस झाले, चिडवलं तरी चिडत नाही. फार गुणी आहे.” तिने काडी चावत पुढे सांगितलं की तीन औषधं लावून बघितली आणि तिन्ही चालतात असं दिसतंय. म्हणजे जोराच्या इंजेक्शनची गरजच नाही. सर गुरुवारी सगळ्यात हलकी गोळी लिहून देतील. दोन महिने घ्यायची, मग बघायचं. “काका, तुमची केस म्हणजे आमचं पहिलं यश. मी तर सरांना सांगितलं, पोस्टरवर हाच फोटो लावू.”

शेषरावांना पोटात कळ आली. त्यांनी ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. याचा त्यांना सराव होता. गुणी. हाच शब्द लोक भागीरथाबद्दल म्हणायचे. पडद्यावरच्या त्या घड्या हलत नव्हत्या, फाटत नव्हत्या, काही म्हणजे काही करत नव्हत्या, आणि बघता बघता त्यांना तिथे चमचा दिसायला लागला, तार पडल्यानंतरचा, तोंड दिसावं असा. हलकी गोळी. या आतड्यावर हलकी गोळी म्हणजे भट्टीवर पाण्याचा शिंतोडा. दोन महिने ती घ्यायची, दोन महिने ‘दोन-तीनदा’ म्हणायचं, आणि मग एके दिवशी टेबलावर आडवं होऊन पोटावर थैली घेऊन उठायचं. तेव्हा ही पोरगी वहीत बघून म्हणेल, असं कसं झालं, सगळं तर जुळत होतं. आणि सांगितलं तर? सांगितलं तर ती तोंड फिरवील. दर मंगळवारी दहा वाजता येणारा फोन बंद होईल. आठवड्यात तेवढा एकच माणूस त्यांना किती वेळा जावं लागलं हे विचारत होता, आणि ते ऐकायला थांबतही होता. तो फोन जाईल याची त्यांना थैलीइतकीच भीती वाटली. कदाचित जास्तच.

“मॅडम, यात तार हाय,” ते म्हणाले.

तिला कळलं नाही. तिने पडदा जवळून पाहिला, कुठे केस-बीस पडलाय का म्हणून. मग शेषरावांनी सांगायला सुरुवात केली आणि ती उलटीच झाली. आधी चमचा, मग भट्टी, मग चंपत मिस्त्री, आणि शेवटी त्या पांढऱ्या गोळ्या. “अठरा दिवस घेतल्या जी. नमुना खराब निंगन म्हणून. आन् दोन-तीनदा नाही, नऊदा जातो मी. रक्त बी जाते. आज बी गेलं.” बोलताना ते स्टुलावर सरळ बसले होते, चौकशीला बोलावलेल्या माणसासारखे. कीर्ती मॅडमने चष्मा काढला. “मैंने पूछा था ना आपसे,” ती हिंदीत म्हणाली, आणि तिच्या आवाजातला पोरपणा पार गेला. “आपने ना बोला था. काका, सुजेच्या पेशी या नमुन्यात आल्याच नाहीत मग! गोळ्यांनी त्या आधीच हाकलल्या. आम्हाला चांगलं आतडं नको होतं, तुमचं आतडं हवं होतं. दोन महिने मी… रविवारी येऊन…” तिने वाक्य सोडून दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचा तिला राग आला होता. “बसा इथे. सर यादीतून काढतीलही तुम्हाला. मला माहीत नाही,” म्हणून ती आत निघून गेली. पडदा तसाच चालू राहिला. त्या गुणी घड्यांकडे बघायला आता कोणी नव्हतं. शेषरावांना वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. मुळीच वाटलं नाही. लाजेने कान गरम झाले, आणि एवढ्या वयात आपण एका पोरीची मेहनत मातीत घातली, हेच डोक्यात फिरत राहिलं.

अर्ध्या तासाने ती परत आली, हातात नवा कागद. तिने राग कुठेतरी ठेवून दिला होता, टाकला नव्हता. सर म्हणाले होते, एकदाच. पुन्हा दुर्बीण, पुन्हा नमुना. त्याआधी चार आठवडे एकही पांढरी गोळी नाही. “त्रास वाढेल. वाढूच द्यायचाय. रक्त फार गेलं, ताप आला, चक्कर आली, तर मध्येच थांबवून भरती करू. पण हे एकट्याने नाही करता येणार, काका. घरात माणूस पाहिजे. इथे त्याचं नाव, नंबर. त्याला सगळं माहीत पाहिजे, मी फोन करून विचारणार आहे.” शेषराव कागदाकडे बघत राहिले. ताराचं नाव लिहावं असं एकदा वाटलं. मग त्यांनी पेन घट्ट धरून, शिफ्टच्या रजिस्टरमध्ये लिहीत तसं ठळक, भागीरथा शेषराव कापगते असं लिहिलं. “आणि त्या चकत्या?” त्यांनी उठताना विचारलं. “त्या फेकाव्या लागतील,” मॅडम म्हणाली. दारापर्यंत ती सोबत आली, आणि दार उघडता उघडता, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “मंगळवारी फोन करीन. खरं सांगायचं.”

संध्याकाळ व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला. शेषरावांनी पांढऱ्या गोळ्यांची उरलेली पट्टी डब्यातून काढून ओट्यावर ठेवली आणि कात्रीने तिचे तुकडे केले. काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव केली. घाबरू नको म्हणायचं, थोडंच हाय म्हणायचं, म्हणजे थोडी तार टाकायचीच. साडेसातला फोन वाजला.

“जेवले का जी?”

“नाही.”

“भाजी काय केली?” भागीरथाने विचारलं. तिने उत्तर ऐकलंच नव्हतं. इतक्या दिवसांत उत्तर कधी बदललं नव्हतं, तर ऐकायचं कशाला?

“भागीरथा, मी जेवलो नाही. मी ठीक नाही.” जुळवलेलं सगळं विसरून गेलं. “पोट ठीक नाही. दिवसातून नऊदा जातो. रक्त जाते. चार वर्षं झाले, तू इथं होती तईपासून. आतडं काढाचं म्हणून राहिले डॉक्टर. तुले दीड वर्षापासून रोज झूठ सांगून राहिलो. दोडके बी नव्हते केले.”

पलीकडे कार्टूनचा आवाज होता. तो लहान लहान होत गेला, दार सरकल्याचा आवाज आला आणि मग एकदम वारा आणि फार खालून येणारे हॉर्न. ती बाल्कनीत गेली असावी. शेषराव वाट बघत राहिले. ती रडेल, रागावेल, आजच्या आज निघते म्हणेल, उन्नतीला हाक मारील. काहीही चाललं असतं.

“ऐकून राहिली ना?”

“हो.” मग आवाज खाली आणून, “तुमी चोऱ्यायच्या पायी नव्हते येत, असं वाटेच मले. वाटे, तुमाले आमी नकोसे झालो.”

“नाही व भागीरथा. गाडीत संडास भेटन का नाही, याचा भेव वाटे.”

पलीकडे हसल्यासारखा आवाज झाला आणि मध्येच तुटला. हॉर्न वाजत होते. कोहक्याच्या भिंतीपाशी तास-तास बोलणारी ती बाई एक शब्द शोधत होती, आणि शेषरावांना पहिल्यांदाच तिचं ते शोधणं ऐकू येत होतं.

“मी बी ठीक नाही जी,” भागीरथा म्हणाली.

फोनच्या पाटीवर चार मिनिटं होऊन गेली होती. पोटात कळ येत होती, पण शेषराव उठले नाहीत. त्यांनी पायाने खुर्ची ओढली आणि भिंतीला लावून तिच्यावर बसले.

“सांग,” ते म्हणाले. “जसं हाय तसंच सांग.”